आडनाव काय तिचं?

पालकहो,

परभणीत मुलींच्या वसतिगृहाचं काम पाहत मला बरीच वर्षं झाली. दर पावसाळ्यात नव्या मुली येतात. ऑटोतून गादी उतरते, बादली उतरते, पत्र्याची पेटी उतरते, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उतरतो. आई कॉटवर हात फिरवून बघते, खिडकीची कडी लावून बघते, पाणी किती वाजता येतं ते विचारते. बाप बहुतेक दारातच उभा असतो, मुलींच्या वसतिगृहात आत यावं की नाही या संकोचात. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून तुम्ही निघता आणि त्याच रात्री पहिला फोन येतो.

मुली व्हरांड्यात उभ्या राहून बोलतात, त्यामुळे त्यांची बाजू कानावर पडतेच. "हो, जेवले." मग, "एक जिंतूरकडची आहे. चांगली आहे." मग थोडी शांतता. मग आवाज खाली जातो. "ते नाही माहीत. विचारते उद्या."

काय विचारायचं राहिलं, हे मला न ऐकताच कळतं. आडनाव, म्हणजे जात.

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या एका प्रश्नाबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच विचारते. दात घासता घासता, सहज म्हणून. समोरची मुलगी आडनाव सांगते आणि त्या सांगण्यातच ती ओळखते की चौकशी घरून आली आहे. आदल्या रात्री एकाच डब्यातली चटणी खाल्लेल्या दोन मुलींत सकाळी एक अंतर पडतं. कुणी भांडलेलं नसतं, कुणी वाईट शब्द बोललेलं नसतं.

तुम्ही काळजीपोटी विचारता, हे मला कळतं. लेक पहिल्यांदा घराबाहेर राहते, कुणासोबत राहते हे माहीत असावं असं कुठल्याही आईला वाटणारच. माझ्या आईनेही विचारलं होतं. मी शिकत असताना माझ्या खोलीतल्या मुलीने घरून आलेला डबा माझ्यापुढे सरकवला, तेव्हा मी "भूक नाही" म्हणाले. मला भूक होती. तिने वर्षभरात पुन्हा डबा पुढे केला नाही. त्या डब्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

असं अंतर फक्त डब्यापुरतं नसतं. आपल्या परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं. २०१३ मध्ये, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला त्यांचं नाव मिळालं. नाईकसाहेब पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले. १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. या शहरातल्या सगळ्यात मोठ्या शिक्षणसंस्थेच्या कमानीवर तांड्यावरून आलेल्या माणसाचं नाव आहे. आणि याच शहरात मी तांड्यावरच्या मुलीला आईशी गोरमाटी बोलीत बोलायला जिन्याखाली जाताना पाहिलं आहे. इतर जणी व्हरांड्यात उजेडात उभ्या, ही जिन्याखाली अंधारात. आई भेटायला आली की ती तिला फाटकाबाहेरच गाठायची, कारण आई फेटिया-कांचळी हा बंजारा पेहराव घालून यायची. मी तिला एकदा म्हटलं, "आईला आत आण की." ती म्हणाली, "नको मॅडम, सगळ्या बघतात." बघणं हा काही गुन्हा नाही, कुठल्या वहीत त्याची नोंद होत नाही. पण त्या बघण्यामुळे एक आई लेकीची खोली न बघता परत गेली.

मुली एकमेकींना अजून काय विचारतात, तेही सांगते. "सीईटीला किती होते गं?" हा प्रश्न अभ्यासाचा वाटतो. पुष्कळदा तो अभ्यासाचा नसतो. प्रवेशाच्या यादीत नावापुढे प्रवर्गाचा रकाना असतोच, तो आधी वाचलेला असतो, आणि मग मार्क विचारून खात्री करून घेतली जाते. ज्या घरात जेवताना "त्यांना काय, सवलत आहे" हे वाक्य रोज निघतं, त्या घरातली मुलगी वसतिगृहात हा प्रश्न विचारते. बोलीचंही तसंच. आपल्या मुली मोठ्या शहरात जाऊन "का"ऐवजी "कामून" म्हणाल्या की तिथली पोरं हसतात, तेव्हा आपल्याला किती लागतं! तेच आपल्या लेकीने दुसऱ्या कुणाला करू नये, एवढंच म्हणते.

प्रवेशाच्या वेळी तुम्ही एका शपथपत्रावर सही करता. रॅगिंगविरोधी शपथपत्र. मुलीचं वेगळं, पालकांचं वेगळं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार ते द्यावंच लागतं. बहुतेक पालक न वाचता सही करतात, कारण त्या दिवशी तशा दहा सह्या असतात. २०१६ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली. जात, धर्म, वंश, रंग, भाषा, प्रदेश, जन्मठिकाण, आर्थिक परिस्थिती यांवरून दिलेला शारीरिक किंवा मानसिक त्रास रॅगिंगमध्येच मोडतो, असं त्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे बोलीवरून रोज रोज टोचणं हेही त्यात आलं. तुम्ही ज्या कागदावर सही केली आहे, तो एकदा लेकीसोबत बसून वाचा. तिला त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते, हेही तिला सांगून ठेवा.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवीचा मुंबईत मृत्यू झाला. जळगावच्या आदिवासी कुटुंबातली ही मुलगी डॉक्टर झाली होती, पुढचं शिक्षण घेत होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात शिकताना गेलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबावा, एवढीच त्यांची मागणी. आपली लेकरं परत येणार नाहीत हे माहीत असूनही दोन आया दुसऱ्यांच्या लेकरांसाठी कोर्टाची पायरी चढल्या.

आणि दूर कशाला जायचं? १० डिसेंबर २०२४ ला आपल्याच रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहरात दगडफेक, जाळपोळ झाली. त्यात अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या आठवड्यात मुलींचे फोन सारखे वाजत होते. "कुणाशी बोलू नको, आपल्या आपल्यात राहा," हा बहुतेक घरांचा निरोप. भीती खरी होती, मी तुम्हाला दोष देत नाही. पण एका वडिलांनी लेकीला वेगळं सांगितलं. "तुझ्या खोलीतल्या पोरीच्या घरचे बरे हायेत का, ते विचार तिला." मुलीने विचारलं. ती दुसरी मुलगी, जी चार दिवस गप्प होती, त्या रात्री पहिल्यांदा रडली आणि मग जेवली.

आम्ही आमच्या परीने करतो. खोल्या प्रवेशक्रमांकाने देतो, कुणी कुणाला निवडत नाही. तरी पहिल्या पंधरवड्यात एखादी आई हळूच ऑफिसात येते. "मॅडम, तेवढी खोली बदलून देता का?" काय अडचण आहे विचारलं तर, "अडचण काई न्हाई. पोरगी चांगलीच हाय ती. पर घरी सासूबाई हायेत, त्यायला कळलं तर…" मी नाही म्हणते. मग दोघींचं कधी जमतं, कधी नाही. अशाच एका मुलीने वर्ष काढलं आणि दुसऱ्या वर्षी भाड्याची खोली घेतली. त्यात मी हरले.

शेतीच्या मुलींचं एक बरं असतं. शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी त्या कृषिकन्या म्हणून गट करून खेड्यात राहतात. मातीचे नमुने घ्यायचे, बीजप्रक्रिया दाखवायची, आणि संध्याकाळी दमून एकाच पातेल्यात पिठलं टाकायचं. तिथे कुणाचा डबा कुणाचा राहत नाही. परत येतात त्या बहिणी होऊनच. मला वाटतं, हे पहिल्या वर्षी का होऊ नये? तिथे त्यांना रोज फोन करून आडनाव विचारणारं कुणी नसतं, हे त्याचं एक कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एका दिवाळीचं सांगते. गंगाखेड-सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. घराला कुलूप असतं. तिकडच्या एका मुलीने सुट्टीचं काय, हे कुणाला सांगितलंच नव्हतं. पेटी आवरल्यासारखं करत होती. तिच्या खोलीतल्या सेलूच्या मुलीने ओळखलं आणि घरी फोन केला. आईने एवढंच विचारलं, "तिला करंज्या आवडतेत का?" नरकचतुर्दशीला त्या आईने दोघींना पाठीला पाठ लावून पाटावर बसवलं, दोघींना तेल लावलं, उटणं लावलं. भाऊबीजेला त्या घरच्या मुलाला दोघींनी ओवाळलं. सुट्टीवरून आल्यावर ती मुलगी मला हे सांगताना सारखी आपल्या हाताचा वास घेत होती.

पालकहो, दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाची मेस बंद असते. यंदा फोनवर लेकीला विचारा, तुझ्या मजल्यावर कोण कोण थांबणार आहे. आणि जी थांबणार असेल, तिला सोबत घेऊन यायला सांगा.