नातवाचे क्रिएटिनिन 0.8, आजोबांचे 1.0

प्रश्न : माझ्या नातवाच्या लघवीच्या मार्गात जन्मतःच पडदा होता. पहिल्या महिन्यातच दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. आता तो दोन वर्षांचा आहे, धार उत्तम येते. तरी डॉक्टर म्हणतात, किडनीवर लक्ष ठेवावे लागेल. त्याचे क्रिएटिनिन 0.8 आहे. माझे 1.0, आणि मला मात्र ‘एकदम ठीक’ म्हणून घरी पाठवतात! स्कॅनमध्ये उजवी किडनी 62 टक्के, डावी 38 टक्के आली. सोनोग्राफीत दोन्ही अजून सुजलेल्याच. मग ऑपरेशनने साधले काय?
— एक आजोबा, डिचोली

उत्तर : आजोबा, तुमचे गणित चुकलेले नाही, फक्त एक आकडा त्यातून सुटला आहे. तो आहे नातवाची उंची.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज निघणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीत टाकते. तुमच्या अंगावर मोठ्या माणसाचे स्नायू आहेत, त्यामुळे कचरा भरपूर. एवढे असून रक्तात 1.0 च उरत असेल तर किडन्या काम चोख करताहेत. दोन वर्षांच्या पोराचे स्नायू ते किती! त्याच्या रक्तात 0.3-0.4 च्या आसपासच हवे. म्हणून किडनी किती गाळते हे काढायला बालरोगतज्ज्ञ उंचीचे सेंटिमीटर 0.413 ने गुणतात आणि त्याला क्रिएटिनिनने भागतात. नातवाची उंची 85 धरली तर उत्तर येते सुमारे 44. त्याच उंचीच्या धडधाकट मुलाचे क्रिएटिनिन 0.35 असेल तर 100. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य या 44 चे आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही ऐकून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मुलगा आठ वर्षांचा झाला, उंची 130 झाली आणि क्रिएटिनिन 1.2 आले, तर घरात रडारड होईल. पण सूत्रात घालून पाहा, उत्तर 45 च्या जवळच येते. म्हणजे किडनी होती तिथेच आहे, फक्त मुलगा वाढला. तेव्हा प्रत्येक रिपोर्टवर त्या दिवशीची उंची लिहून ठेवा आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा. आज 0.8 आणि उद्या दुसरीकडे 0.9 आले, तर 44 चे 39 होतात, आणि तो फरक किडनीचा की यंत्राचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता टक्के. 62 आणि 38 हे गुण नव्हेत, वाटणी आहे. दोन्ही किडन्या मिळून जे काम होते, त्यातला कुणाचा वाटा किती, एवढेच स्कॅन सांगते. एकूण 44 असेल तर उजवीचे 27 आणि डावीचे 17. पुढच्या वेळी डावी 35 वर आली तरी तिने काम कमी केले असेलच असे नाही. कदाचित उजवी जोमाने वाढली असेल. शिवाय दोन-चार टक्क्यांचा फरक स्कॅनमध्ये होतोच. उलट ज्या आजारात दोन्ही बाजूंना मार बसतो, तिथे 50-50 असा गोंडस निकालही फसवा असू शकतो.

मग ऑपरेशनने काय साधले? हा पडदा फक्त मुलग्यांत असतो आणि गर्भातच तयार होतो. बाळ पोटात असताना लघवी अडते, मूत्राशय फुगते, दाब वर किडनीपर्यंत पोचतो. किडनीतल्या गाळण्या, प्रत्येकीत सरासरी 10 लाख, साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत बनून संपतात. त्यानंतर एकही नवी होत नाही. जिथे बांधणीच बिघडली, तिथे जन्मानंतरचे कोणतेही ऑपरेशन ती परत आणू शकत नाही. दाबाखाली गुदमरलेल्या पण जिवंत असलेल्या गाळण्या मात्र मोकळ्या होतात. म्हणून ऑपरेशननंतर क्रिएटिनिन उतरते. पहिल्या वर्षात ते 0.8 च्या खाली गेले तर पुढची वाट बरी, 1 च्या वर अडकले तर जपून. नातवाचा पहिल्या वर्षातला आकडा तुम्ही कळवलेला नाही. पुढचा घसारा थांबवणे, ऑपरेशनचे खरे काम ते. आमच्याकडे ‘ऑपरेशन यशस्वी’ म्हटले की लोक आजार संपला असे धरतात, तिथे गडबड होते.

सुजेचे म्हणाल तर इतके दिवस ताणलेल्या नळ्या सैल राहतात. अडथळा गेला तरी त्या सोनोग्राफीत वर्षानुवर्षे फुगलेल्या दिसू शकतात. सूज वाढतेय का, एवढे डॉक्टर पाहतात.

घरच्यांच्या नजरेतून निसटते ते मूत्राशय. गर्भात पडद्याविरुद्ध जोर लावून लावून त्याची भिंत जाड आणि ताठ झालेली असते. धार उत्तम असली तरी पिशवी पूर्ण रिकामी झाली असे नव्हे. त्यात अशा किडन्यांना लघवी दाट करता येत नाही, म्हणून ती भरपूर होते. पिशवी सतत भरलेली राहिली की दाब पुन्हा वर. यासाठी ठरावीक वेळाने लघवीला नेणे, थोडे थांबून दुसऱ्यांदा करायला लावणे, गरज पडली तर औषध किंवा नळी. पुढे हा मुलगा अंथरूण ओले करू लागला, तर त्याला आळशी म्हणू नका आणि संध्याकाळपासून पाणीही तोडू नका. लघवी होतच राहील आणि अंगातले पाणी आटेल. जुलाब-उलट्यांत तर अशी मुले फार लवकर कोरडी पडतात.

कुळथाचे सार द्यावे का, असे पुढचे पत्र येईलच! कुळथाची ख्याती मुतखड्यासाठी, इथे खडा नाही. शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते. काम उणावलेल्या किडनीला ते जड जाऊ शकते, तेव्हा रोजचा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तापावर आयब्युप्रोफेन तर मनाने मुळीच देऊ नये.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) पेडणे-डिचोलीचीच नव्हे, सावंतवाडी-दोडामार्गचीही मुले येतात. लांबचा प्रवास, बुडणारी मजुरी, आणि पोर तर अंगणात धावतेय, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी फेऱ्या थांबतात. नेमके तेव्हा थांबू नये. उरलेल्या गाळण्या जादा काम करतात, त्यातून लघवीत प्रथिने गळू लागतात, रक्तदाब चढतो आणि वयात येताना शरीर झपाट्याने वाढले की ताण दिसू लागतो. प्रथिने आणि रक्तदाब औषधाने आवरता येतात, तेही वेळेवर कळले तर. या दोन तपासण्या जवळच्या आरोग्य केंद्रात करून घेता येतील का, हे पुढच्या फेरीत विचारा. मोठ्या फेऱ्या किती महिन्यांनी, तेही फाइलवर लिहून घ्या.