तहानेची आठवण

शाळा राजोडीसारख्या सागरतीरीच्या गावातील असो की मोठ्या नगरातील, कित्येकदा वर्गात असा एखादा मुलगा दिसतो, की ज्याला खेळात कोणी घेत नाही. मुलांनो, त्याच्या मनाला काय वाटत असेल? सव्वाशे वर्षांपूर्वी सातारच्या शाळेत असाच एक मुलगा होता. त्याचे नाव भीमराव.

१९०० साली त्याचे नाव शाळेत घालण्यात आले. तो अस्पृश्य मानलेल्या महार जातीचा. म्हणून वर्गात त्याला वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट तो घरून आणी आणि सायंकाळी परत नेई. कारण शाळा झाडणारा नोकर त्यास हात लावीत नसे. नळाला शिवण्याचीही त्यास मनाई होती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला, तर तहान तशीच राही.

१९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव व घरची मुले नवे कपडे घालून वडिलांना भेटण्यास गोरेगावी निघाली. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे मसूर स्थानकावर त्यांना न्यावयास कोणी आले नाही. त्यांची जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरले. गाडीवान गाडी देईनात. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला; पण गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे, अशी त्याची अट होती! मुलांजवळ शिदोरी होती. पाणी मात्र कोणी देईना. ती रात्र त्यांनी तहानेनेच काढली.

ही हकीकत त्यांनी मोठेपणी स्वतः लिहून ठेवली. मनावरची जखम विसरली गेली नव्हती; परंतु ती सांगण्यास ते लाजले नाहीत. लाज अन्याय करणाऱ्याला वाटावी, सोसणाऱ्याला नव्हे.

मुंबईत ग्रंथांनी त्यांना सोबत केली, आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर या गुरुजींनी मायेने पाठबळ दिले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून त्यांनी हजारो बांधवांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, ते २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली.

मुलांनो, तुम्हांला कोणी छळीत असेल, तर ते मनात कोंडून ठेवू नका. आईवडिलांना अथवा गुरुजींना सांगा. आणि छळ दुसऱ्याचा होत असेल, तर नुसते पाहत उभे राहू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. मसूरच्या वाटेवर एखाद्याने ओंजळभर पाणी दिले असते, तर त्या रात्रीची आठवण किती निराळी झाली असती!

स्वाध्याय
१. भीमरावाला गोणपाट रोज घरी का न्यावे लागे?
२. गाडीवानाची अट कोणती होती?
३. ‘लाज अन्याय करणाऱ्याला वाटावी’ याचा अर्थ स्पष्ट करा.