त्वचेवरचे मस आणि वुड्सचा दिवा

वुड्सचा दिवा हा अतिनील किरणांचा छोटा दिवा असून त्यातून मुख्यतः 365 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण बाहेर पडतात. त्याची खास काच अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1903 मध्ये तयार केली. 1925 पासून केसांतली बुरशी शोधायला तो वापरात आला. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती त्वचेने, जंतूंनी किंवा वर चोपडलेल्या लेपाने परत फेकलेली चमक.

त्वचेतले केराटिन हे प्रथिन निळसर पांढरे चमकते, त्यामुळे डोळ्यांभोवतीचे मिलियाचे बारीक दाणे अंधारात उठून दिसतात. मुरुमांच्या तोंडाशी जंतूंमुळे नारिंगी-लाल ठिपके दिसतात. त्वचेचे रंगद्रव्य मेलॅनिन मात्र हे किरण गिळून टाकते. गालावरचे निरुपद्रवी काळे मस, तीळ आणि क्वचित आढळणारा काळा कर्करोग हे तिन्ही दिव्याखाली काळेच. निव्वळ या दिव्यावर मस निर्धोक ठरवता येत नाही.

फसगत बहुधा लेपामुळे होते. मसावर घरी हळद लावून रुग्ण येतो आणि हळद दिव्याखाली पिवळट हिरवी चमकते; घाईतल्या डोळ्याला ती बुरशी वाटते. व्हॅसलीन, मलम, कपड्याचे धागे, धुण्याच्या पावडरीचा अंश हेही चमकतात. उलट, तपासणीच्या तोंडावर साबणाने खसखसून धुतले तर जंतूंची खरी चमक निघून जाते. लेप आदल्या दिवशीच बंद करावा, खोली पूर्ण काळोखी असावी आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. नोटा तपासायची स्वस्त टॉर्च इथे चालत नाही. ती बहुधा 395 नॅनोमीटरची असते आणि तिच्या जांभळ्या उजेडात मंद चमक बुडून जाते.

दिव्याखाली काही चमकले नाही, यावरूनही निष्कर्ष काढू नये. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आदी गावांत माणसांना झपाट्याने टक्कल पडू लागले, तेव्हा पहिला संशय बुरशीवर गेला. पण डोक्यातली बुरशी म्हटली की ती चमकतेच असे नाही. मायक्रोस्पोरमच्या काही जाती हिरव्या चमकतात. भारतात नेहमी सापडणारी ट्रायकोफायटन व्हायोलेशियम चमकत नाही. तिथे केस व कोंडा सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. असे कारण कोणत्याच दिव्याला दिसणारे नव्हे. (बावस्करांचे नाव झाले ते विंचूदंशावरच्या कामामुळे, आणि विंचू मात्र याच किरणांत हिरवट निळा लखलखतो.)

झपाट्याने वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा किंवा चिघळून न भरणारा मस त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. शंका असेल तर तुकडा काढून तपासणी होते. मसाखेरीज त्वचेवर फिकट चट्टा असेल, तर त्यावर कापूस फिरवून स्पर्श कळतो का, हेही पाहावे. कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.