नकाराची संथा

गेल्या गणेशोत्सवातील एक प्रसंग वाचकांपुढे ठेवून आजच्या पाठास आरंभ करतो. उत्सवात एका सायंकाळी आम्ही मंडपात व्यसनाच्या दुष्परिणामांवर पाऊण तास बोललो होतो. पुढच्या रांगेत बसलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने सर्वांत जोराने टाळ्या वाजविल्या. तिसऱ्या दिवशी तोच मुलगा मंदिराच्या मागील बाजूस पंक्चरचे सोल्युशन फडक्यात ओतून हुंगताना आम्हांस आढळला. आम्ही रागावून विचारले, “हे वाईट आहे, हे तुला ठाऊक नव्हते का?” तो मान खाली घालून म्हणाला, “ठाऊक होतं, दादा. पण ती मोठी मुलं होती. त्यांना नाही कसं म्हणायचं?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्या पाऊण तासाच्या भाषणात कोठेही नव्हते. आमचे शिक्षण उच्च माध्यमिक शाळेपुरतेच. परंतु त्या रात्री आम्हांस घरातील एका जुन्या शिक्षणपद्धतीचे स्मरण झाले. वडिलांनी आम्हांस पूजाविधी शिकविला तो व्याख्यान देऊन नव्हे. त्यांनी संथा दिली. ते एकदा म्हणत, आम्ही दोनदा म्हणत असू. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच आज गर्दीगोंगाटातही आमचा पाठ चुकत नाही. जे मुखी बसले, तेच ऐन वेळी ओठांवर येते. नकाराचेही तसेच आहे. मुलाला नकाराचे महत्त्व आम्ही सांगितले. नकाराची संथा मात्र दिली नाही.

शाळांतून अशी संथा देण्याच्या प्रयत्नास ‘जीवनकौशल्यांचे शिक्षण’ असे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली शाळांसाठी जी मार्गदर्शिका सिद्ध केली, तीत दहा कौशल्ये सांगितली आहेत : स्वतःची ओळख, परानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, परिणामकारक संभाषण, परस्परसंबंध जपणे, ताणास तोंड देणे आणि भावना आवरणे. व्यसनाचे नावही या यादीत नाही, हे ध्यानात घ्यावे. मूल व्यसनाकडे वळते ते बहुधा पदार्थाच्या ओढीने नव्हे. एकटे पडण्याचे भय, परीक्षेतील अपयश, घरातील भांडण किंवा ‘सगळेच करतात’ हा भ्रम त्याला तिकडे ढकलतो. म्हणून उपचार तेथेच करावयाचा.

याचा उपयोग होतो काय? अमेरिकेतील गिल्बर्ट बॉटविन यांनी १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातील ५६ शाळांत असा प्रयोग आरंभिला. सातवीतील मुलांना हे धडे देण्यात आले आणि पुढील दोन वर्षे त्यांची उजळणी करून घेण्यात आली. बारावीअखेर पाहणी झाली तेव्हा या मुलांत तंबाखू, मद्य व गांजा यांचे सेवन इतरांपेक्षा कमी आढळले. हे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एक गोष्ट महत्त्वाची : जेथे शिक्षकांनी अभ्यासक्रमाचा मोठा भाग खरोखर शिकविला, तेथे लाभ अधिक दिसला. उजळणीवाचून संथा टिकत नाही, हे आमच्या वडिलांचे म्हणणे तेथेही खरे ठरले.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडली आहेत. १५ ऑगस्ट २०२० रोजी नशामुक्त भारत अभियान सुरू झाले आणि २०२३ साली शाळांसाठी जीवनकौशल्यांचा ‘नवचेतना’ हा पाठ्यक्रम आला. त्याची निकड केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालावरून कळते. हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. मुलांचे प्रमाण मोठ्यांहून अधिक असलेला हा एकच प्रकार. आणि हा पदार्थ किती घातक! हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू ओढवू शकतो.

शहापुरात आणखी एक बाब विचारात घ्यावयास हवी. आपल्या कित्येक मुलांची शाळा हिंदीत आणि घर मराठीत. आमिष ज्या बोलीत येते, त्याच बोलीत नकाराचा सराव व्हावयास हवा. शाळेने हिंदीत करून घ्यावा. मराठीतील सराव ओसरीवर आपण करून घ्यावा. त्याच्या चार पायऱ्या अशा : प्रथम स्पष्ट ‘नाही’ म्हणणे, मग एका वाक्यात कारण सांगणे, मग दुसरे काही सुचविणे, आणि तरीही आग्रह झाला तर तेथून निघून जाणे. वडिलांनी आग्रह करणाऱ्या मित्राची भूमिका घ्यावी, मुलाने उत्तर द्यावे. प्रारंभी हसू येईल, येऊ द्यावे.

मात्र सगळा भार मुलांच्या खांद्यांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने बंदी आहे आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती कोठेही विकता येत नाही. तरीही “जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये” असे मुलाला सांगणारे आपल्याच घरांत आहेत. ज्या हाताने पुडी आणावयास पैसे दिले, त्याच हाताने उपदेश करता येत नाही. जो मुलगा आधीच अडकला आहे, त्याला सरावाने भागणार नाही. त्याला वैद्यकीय मदत हवी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसन हा आजार मानून, रुग्णाला दोष न देता उपचार करण्याची वाट मराठी समाजाला दाखविली. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे. तो घरोघरी लिहून ठेवावा.

गृहपाठ : (१) या आठवड्यात मुलाला विचारावे, “तुला नाही म्हणणे कोणापाशी जड जाते?” उत्तर येईतो आपण बोलू नये. (२) वरील चार पायऱ्यांचा सराव तीनदा करावा. (३) आपण स्वतः कोणत्या गोष्टीला नाही म्हणू शकत नाही, ते मुलापाशी कबूल करावे.

तो मुलगा आता गुरुवारच्या आरतीनंतर थांबतो. आम्ही मोठ्या मुलांची भूमिका घेतो, तो नकार देतो. पहिल्या दिवशी त्याचा आवाज फुटत नव्हता. गेल्या गुरुवारी तो इतक्या ठामपणे ‘नाही’ म्हणाला की गाभाऱ्यातून वडिलांनी वळून पाहिले. तो पुढे तरून जाईलच, अशी ग्वाही आम्ही देऊ शकत नाही; पुढच्या गुरुवारी संथा चालू राहील, एवढे मात्र निश्चित.