निवडणुकीचा कौल आणि प्रदेशाचे भवितव्य : गोवा व स्कॉटलंड

एखादा पक्ष ‘आम्हांला वेगळे व्हायचे आहे’ किंवा ‘आम्हांला अमक्या राज्यात सामील व्हायचे आहे’ असे सांगून निवडणूक जिंकतो, तेव्हा त्या प्रदेशाच्या भवितव्याचा निकालही त्याच दिवशी लागला, असे आपण सहज समजून चालतो. स्कॉटलंडमध्ये राष्ट्रवादी पक्षाला यश मिळाले की १७०७ पासून चालत आलेले इंग्लंड-स्कॉटलंडचे ऐक्य आता मोडणार, अशी चर्चा सुरू होते. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ही चर्चा नेहमीच अपुरी वाटत आली आहे. तिचे मर्म समजून घेण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जाण्याचेही कारण नाही. आपल्याच कोकणपट्टीला लागून असलेल्या गोव्यात हा प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये तेथे पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे ब्रीद घेतलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीत १४ जागा मिळाल्या. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाला १२ मिळाल्या. काँग्रेसला तर गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात साहजिकच समज झाला की, गोव्याने कौल दिला. आता उरला तो केवळ उपचार.

विरोधकांचे म्हणणे मात्र असे की, मत पक्षाला मिळाले आहे, विलीनीकरणाला नव्हे. तो प्रश्न जनतेला वेगळा विचारा. अखेर संसदेने १९६६ च्या डिसेंबरात त्यासाठी कायदा केला. कौल निर्वेध व्हावा म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह होते फूल आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्याचे दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले.

खरी मौज पुढेच आहे. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला! ज्यांची मागणी जनतेने नाकारली त्यांनाच जनतेने राज्य करावयास बसविले.

यात गोवेकरांचा धरसोडपणा पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. बांदोडकरांमागे उभा राहिलेला बहुजन समाज हा कुळांचा आणि मुंडकारांचा होता. भाटकारांच्या सत्तेला शह देणारे आपले सरकार त्याला हवे होते, आणि १९६४ च्या कूळ कायद्याने त्या सरकारने आपली दिशाही दाखविली होती. विलीनीकरणाच्या प्रश्नावर मात्र त्याच माणसापुढे निराळे हिशेब होते. गोवा मोठ्या राज्यातला एक लहानसा जिल्हा होऊन राहील, नोकऱ्या बाहेरचे घेतील, महाराष्ट्रातील दारूबंदी येथेही येईल आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांचे पोट बुडेल, कोंकणी मागे पडेल, असा प्रचार होत होता. तो करणाऱ्यांत ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक आघाडीवर होते, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी विसरू नये. शिवाय माझ्या मते आणखी एक कारण घडले. तीन वर्षे मुख्यमंत्री राहून बांदोडकरांनी नकळत हेच सिद्ध केले की, गोवा आपला कारभार आपण पाहू शकतो. विलीनीकरणवाद्यांच्या यशानेच विलीनीकरणाची निकड कमी केली.

आता स्कॉटलंडकडे पाहू. गोव्यात कौल झाला त्याच १९६७ साली, नोव्हेंबरमध्ये, विनी युइंग यांनी हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकून स्कॉटिश नॅशनल पार्टीकडे साऱ्या ब्रिटनचे लक्ष वेधले. १९९९ मध्ये एडिंबरोला स्वतंत्र विधिमंडळ आले. २०११ मध्ये त्यातील १२९ पैकी ६९ जागा या पक्षाने जिंकल्या आणि त्या जोरावर लंडनच्या सरकारकडून सार्वमताला संमती मिळविली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वातंत्र्याच्या बाजूने ४४.७ टक्के व विरुद्ध ५५.३ टक्के मते पडली. आणि २०१५ च्या निवडणुकीत? लंडनच्या संसदेतील स्कॉटलंडच्या ५९ जागांपैकी ५६ जागा त्याच पराभूत पक्षाला! गोव्याचा अनुभव जणू अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा घडला.

साम्य येथवरच. गोव्यात तो प्रश्न मिटला. पुढे १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झाले आणि विलीनीकरणाची मागणी इतिहासजमा झाली. स्कॉटलंडमध्ये मात्र प्रश्न धुमसत राहिला. याचे कारण, गोव्यात हरलेल्यांचे फार काही गेले नाही. कौल कसाही लागता तरी देश भारतच राहणार होता, आणि मराठी शाळाही चालू राहिल्या. स्कॉटलंडमध्ये पणाला लागले होते ते राष्ट्र. त्यात २०१६ साली युरोपीय संघात राहावे असे ६२ टक्के स्कॉटिश मतदारांनी सांगूनही ब्रिटन बाहेर पडले. ज्या परिस्थितीत २०१४ चा कौल दिला तीच बदलली, अशी तक्रार करावयास त्यांना जागा मिळाली.

येथे कोणी म्हणेल की, १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने तर सार्वमत न घेता केवळ निवडणुकीच्या जोरावर द्वैभाषिक मोडले ना? होय, परंतु समितीने मुंबई राज्याची सत्ता जिंकली नव्हती. तिने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडविली, आणि द्वैभाषिक चालविणे दिल्लीतील राज्यकर्त्या पक्षालाच महाग पडू लागले. म्हणून १ मे १९६० उजाडला. निर्णय घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याला त्या यशाची झळ पोहोचते की नाही, हा मुद्दा मला जागांच्या आकड्याहून मोठा वाटतो. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. ब्रिटनमध्येही नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लंडनच्या संमतीवाचून एडिंबरोचे विधिमंडळ सार्वमताचा कायदा करू शकत नाही. (आपला बोर्ली-पंचतनचा मुलूख १९४८ साली जंजिरा संस्थानातून मुंबई राज्यात आला, तेव्हा तर मतपेटी कोणी मांडलीच नव्हती.)

बेळगावचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीने तेथे वर्षानुवर्षे आमदार निवडून आणले, महापालिका जिंकली. परंतु दिल्लीचे वा बंगळूरचे सिंहासन त्यामुळे कधी डळमळले नाही, आणि सीमा जागची हलली नाही. २०१८ व २०२३ मध्ये समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. स्कॉटिश नॅशनल पार्टीही २०२४ मध्ये लंडनच्या संसदेत ९ जागांवर आली. आता प्रश्नच संपला, असे म्हणणारे लगेच पुढे आले. परंतु विजयाने जो प्रश्न सुटत नाही तो पराभवाने सुटतो, हे तरी कसे मानावे? सीमाभागातील मराठी घरे आहेत तेथेच आहेत, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा त्यांच्या आमदारांच्या संख्येवर अवलंबून नाही.