जुन्या फोनमधलं सगळं नव्यात का येत नाही?

प्रश्न : मी घरून पोळी-भाजीचे डबे देते, सणावाराला मोदक आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डर घेते. सहा वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही, म्हणून मुलाने नवा आणला. दोन्ही फोनला केबल लावून त्याने सगळं नव्यात घेतलं. फोटो आले, बरेचसे नंबर आले, ॲपसुद्धा सगळी दिसायला लागली. पण गूगल पे मला ओळखायलाच तयार नाही, व्हॉट्सॲप नुसता नंबर विचारत बसलंय, आणि पन्नास-साठ गिऱ्हाइकांचे नंबर सापडतच नाहीत. डब्यांचे फोन चालू राहावेत म्हणून सिमकार्ड अजून जुन्या फोनमध्येच ठेवलंय. एकाच केबलमधून काही येतं आणि काही येत नाही, असं का? शिवाय मुलगा म्हणतो, कामाची वीसेक ॲप टाकून देतो. एवढी लागतात का? आज माझा सगळा कारभार वही, भिंतीवरचं कालनिर्णय आणि व्हॉट्सॲप यांवर चालतो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, केबल चांगली आहे आणि मुलाचंही काही चुकलेलं नाही. आपण ज्याला सरसकट ‘फोनमध्ये आहे’ म्हणतो, ते सगळं फोनमध्ये नसतं. काही फोनच्या साठवणीत असतं, काही सिमकार्डावर, काही गूगलच्या खात्यात आणि काही थेट बँकेत. केबल फक्त फोनच्या साठवणीतलं आणते. तुमच्या तीन अडचणींपैकी दोन तर सिम जुन्या फोनमध्ये राहिल्यामुळेच आल्या आहेत.

आधी हरवलेले नंबर. सहा वर्षांपूर्वी नवा नंबर साठवताना फोनने विचारलं असेल, ‘कुठे ठेवू?’ आणि कधीतरी ‘सिम’वर बोट पडलं असेल. पुढचे नंबर मग निमूटपणे तिथेच जात राहिले. सिमची जागा फार थोडी, साधारण अडीचशे नंबरांची. नावालाही तिथे मोजकीच अक्षरं मिळतात, आणि देवनागरीतलं नाव इंग्रजीच्या मानाने निम्म्यातच कापलं जातं. म्हणून ‘मोदक बी विंग दुसरा मजला’चं तिथे नुसतं ‘मोदक बी’ झालेलं दिसेल. सिम नव्या फोनमध्ये घाला, कॉन्टॅक्टच्या ॲपमध्ये सिमवरचे नंबर आत घेण्याची सोय असते ती वापरा, आणि यापुढे नवा नंबर गूगल खात्यातच साठवला जाईल असं तिथल्या सेटिंगमध्ये ठरवून टाका. पुढचा फोन घ्याल तेव्हा ईमेल आणि पासवर्ड घालताच नंबर आपोआप येतील.

आता गूगल पे. इथे फोनने तुम्हाला न ओळखणं हीच तुमच्या पैशाची राखण आहे. पैसे ॲपमध्ये नसतातच, ते बँकेत असतात. हा अमुक फोन आणि त्यातलं अमुक सिम यांना या खात्यातून पैसे पाठवू द्यायचे, अशी एक गाठ बँकेने मारून ठेवलेली असते. ती मारण्यासाठी ॲप तुमच्या फोनवरून स्वतःच एक एसएमएस पाठवतं. तो तुमच्याच नंबरावरून आला की बँकेला कळतं, की सिम खरोखर याच फोनमध्ये आहे. ही गाठ केबलमधून दुसऱ्या फोनवर जाऊ शकत असती, तर दहा मिनिटांसाठी फोन हातात पडलेल्या कोणालाही तुमचं खातं उचलून नेता आलं असतं. म्हणून नव्या फोनवर ती नव्याने मारावी लागते. सिम घाला, ॲप उघडा, फोनमध्ये दोन सिम असतील तर बँकेत दिलेलाच नंबर निवडा आणि तो एसएमएस जाऊ द्या. एसएमएस जायचा तर रिचार्ज चालू हवा. इथे अडकलेली माणसं बहुतेक वेळा रिचार्जपाशीच अडकलेली असतात. यूपीआय पिन जुनाच चालतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. फोन बदलल्यावर पहिले २४ तास पैसे पाठवण्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी ५,००० रुपयांपर्यंत खाली येते, तेव्हा वाण्याचं महिन्याचं बिल भागवायच्या दिवशी हे काम काढू नका.

व्हॉट्सॲपबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे. अजून नंबर घातला नाहीत हे फार चांगलं झालं. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा कंपनीकडे साठून राहत नाहीत. निरोप पोचला की तो तुमच्या फोनमध्ये आणि समोरच्याच्या फोनमध्ये, एवढाच उरतो. त्या गप्पा हलवायच्या दोन वाटा आहेत. एक गूगल खात्यातला बॅकअप. पण २०२४ पासून अँड्रॉइडवर हा बॅकअप गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत धरला जातो. फोटो आणि ईमेलही त्यातच. जागा भरली की नवा बॅकअप होत नाही.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. जुना फोन दुकानात देऊन नवा घेतला, काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोरच जुना पुसून दिला. घरी येऊन पाहिलं तर बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा. मधल्या काळात वडील गेले होते. शेवटच्या महिन्यांत ते टाइप करायचे नाहीत, माइकचं बटण दाबून बोलायचे. ‘अरे, जेवलास का?’ असे पाच-पाच सेकंदांचे निरोप. ते सगळे त्या पुसलेल्या फोनबरोबर गेले. म्हणून मी हे कळवळून सांगतो आहे.

दोन्ही फोन घरात असतील तर दुसरी वाट धरा. जुन्या फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, मग चॅट्स, आणि तिथे चॅट दुसऱ्या फोनवर नेण्याचा पर्याय आहे. नव्या फोनवर नंबर घालून नोंदणी करताना ॲप विचारतं, जुन्या फोनवरून गप्पा आणायच्या का? ‘हो’ म्हटलं की नव्या फोनवर क्यूआर कोड येतो. जुना फोन त्यावर धरायचा. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू हवं, बॅटरी निम्म्याच्या वर असलेली बरी, आणि काम पुरं होईपर्यंत दोन्ही फोन शेजारी-शेजारी ठेवून द्यायचे. हा प्रश्न फक्त नोंदणीच्या वेळी विचारला जातो. घाईत ‘नको’ दाबलं गेलं तर ॲप काढून पुन्हा टाकण्यापासून सुरुवात करावी लागते.

जुना फोन निदान पंधरा दिवस कपाटात तसाच राहू द्या. काय राहिलं ते त्या-त्या कामाला बसल्यावरच आठवतं. नंतर कोणाला द्यायचा झाला तर आधी त्यातून गूगल खातं काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता पुसला गेला तर पुढचा माणूस फोन सुरू करायला गेल्यावर तो तुमचाच पासवर्ड मागू शकतो. आणि नव्या फोनवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लोकलच्या गर्दीत फोन गेला, तर पोलिसांत तक्रार नोंदवून ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर त्या नंबरावरून हँडसेट बंद पाडता येतो.

आता ॲप. वीस नकोत. आठवडाभर तुमच्या वहीकडे नीट बघा. जे लिहायला विसरता, जे लिहिलेलं वेळेवर सापडत नाही आणि जे घरातल्या दुसऱ्या माणसाला तेव्हाच दिसायला हवं, एवढ्याचसाठी फोन वापरा. तुमच्या पत्रावरून मला अशी तीन-चार कामं दिसतात.

पहिलं वाणसामान. पोळ्या लाटताना तूरडाळ संपत आल्याचं लक्षात येतं, तेव्हा हात कणकेत असतात. हात धुऊन वही गाठेपर्यंत दुसरंच काही निघतं. गूगल कीप नावाचं साधं टिपणवहीचं ॲप आहे. त्यात वाणसामानाची एक यादी करा आणि ती मुलाच्या खात्याशी जोडा. मग कीबोर्डमध्ये मराठी भाषा घालून घ्या. गूगलचं बोलून टाइप करणं मराठीत २०१७ पासून आहे. करंगळीने, नाहीतर कोपराने, माइकला स्पर्श करायचा आणि म्हणायचं, ‘तूरडाळ दोन किलो’. शब्द यादीत उमटतात, आणि मुलगा वाण्याच्या दुकानात उभा असेल तर तिथे त्याच्या फोनवरही दिसतात. त्याने घेतलेल्या वस्तूवर खूण केली की तुमच्याकडेही ती खोडलेली दिसते. मिक्सर चालू असताना मात्र बोलू नका, भलतंच उमटतं. माझ्या मते हे एक काम जमलं तरी नवा फोन कारणी लागला.

दुसरं ऑर्डरींच्या तारखा. फोनमधल्या कॅलेंडरमध्ये एका कामाला दोन-तीन आठवणी लावता येतात. गणेश चतुर्थीला एकावन्न मोदकांची ऑर्डर असेल तर चार दिवस आधी नारळ आणि पिठीची आठवण, आदल्या संध्याकाळी सारणाची, आणि त्या दिवशी पहाटे निघायच्या वेळेची. पत्ता आणि फोन नंबर त्याच नोंदीत लिहा, म्हणजे पोचवणाऱ्याला शोधाशोध करावी लागणार नाही.

कागदपत्रांसाठी वेगळं स्कॅनरचं ॲप लागत नाही. गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे, कागदाचा फोटो सरळ करून तो पीडीएफ करून देतो. गाडीचं लायसन्स आणि आरसी २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी डिजिलॉकरमध्ये घ्या. तिथून दाखवलेलं लायसन्स कायद्याने मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस तुमच्या धंद्याला खरंच उपयोगी पडेल. त्यात डब्याचे दर आणि फोटो एकदाच लावून ठेवता येतात, ‘आजची भाजी काय?’ याचं तयार उत्तर साठवता येतं आणि गिऱ्हाइकाच्या नावाला ‘पैसे बाकी’ अशी चिठ्ठी लावता येते. पण एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही व्हॉट्सॲपवर एका वेळी चालत नाही, नंबर पूर्ण तिकडे न्यावा लागतो. म्हणून आधी महिनाभर फोन हातात बसू द्या, मग ठरवा. उधारीची ॲपही आहेत. तुमची वही चोख असेल तर मी ती बदलणार नाही.

हे सारं प्ले स्टोअरमधूनच घ्या. सध्या लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर ज्या फाइली येतात, त्यांच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ओळखीच्या नंबरावरून आल्या तरी उघडू नका. ते फोनमध्ये घुसून बँकेचे ओटीपी वाचणारं ॲप असतं. तुमचा नंबर रोज नव्या-नव्या गिऱ्हाइकांकडे जातो, तेव्हा तुम्हाला ही भीती इतरांपेक्षा जास्त आहे.

कालनिर्णयचंही ॲप आहे, तिथी आणि चतुर्थी बघायला ते जरूर घ्या. पण दुधाचा खाडा भिंतीवरच्या चौकोनात पेन्सिलीने मांडत असाल तर तो तिथेच राहू द्या. तो घरातल्या सगळ्यांना येता-जाता दिसतो, तुम्ही गावाला गेलात तरी कोणीतरी मांडतं, आणि महिनाअखेरीला दूधवाला दारात उभा असताना त्याच्यासमोरच मोजता येतो.