ताईने जेवण सोडले तेव्हा

अन्नापासून शरीराला शक्ती मिळते हे आपण परिसर अभ्यासात शिकलो. अन्न मुद्दाम कमी केले तर काय होते, ते मी घरी पाहिले. ताईला विचारूनच लिहिते आहे.

ताई नववीत आहे. मे महिन्यात लग्नात कोणीतरी तिला "किती सुटलीस गं!" म्हणाले. तेव्हापासून तिने भात, भाकरी बंद केली. सकाळी चहा, रात्री काकडी. आजी म्हणे, "हवा खाऊन राहणार काय गं?" ताई दर रविवारी भाताच्या गिरणीतल्या काट्यावर उभी राही. पहिल्या आठवड्यात २ किलो उतरले. ती जाम खूश! पुढच्या आठवड्यात अर्धाच किलो.

बाईंनी कारण सांगितले. यकृतात व स्नायूंत थोडी साखर साठलेली असते, तिच्याबरोबर पाणी असते. जेवण तोडले की आधी ते जाते. म्हणजे त्या २ किलोत बरेचसे पाणीच होते. मग चरबी कमी होते, पण स्नायूही झिजतात.

बाईंनी अमेरिकेतली खरी गोष्टही सांगितली. १९४४-४५ साली मिनेसोटा येथे ३६ तरुण स्वतःहून सहा महिने अर्धपोटी राहिले. युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसे जेवू घालावे हे शोधायचे होते. त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले. पण त्यांना गरमीतही थंडी वाजे, नाडी मंद झाली, आणि ते सारखे जेवणाचेच बोलत. पोटभर जेवू लागल्यावर अंगावर पहिल्यापेक्षा जास्त चरबी चढली!

ताईपण फार चिडायची. लावणीच्या दिवशी ती चिखलातच बसली, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९ निघाले, तिच्या वयाला १२ तरी पाहिजे. डॉक्टर म्हणाले, रक्त आधीच कमी होते, त्यात पोरीने जेवण सोडले. लोहाच्या गोळ्या दिल्या.

आपल्या शाळेच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ व ४५० उष्मांक असा नियम आहे. ताई अख्ख्या दिवसात तेवढेही खात नव्हती.

आमचे काका भिवंडीला यंत्रमागावर असतात. त्यांना साखर आहे, म्हणून त्यांना डॉक्टरांनीच वजन कमी करायला सांगितले. ते वेगळे. ते भाकरी खातात, फक्त एक कमी, आणि रोज चालतात.

आता ताई भाकरी, वालाची भाजी, सुकट सगळे खाते. गिरणीत जाते ती फक्त दळायला. काल तिने माझ्या ताटातला बोंबील उचलला. मी काही बोलले नाही.